घरचा ॲम्प्लिफायर घोगरा का बोलतो?

स्वतः जोडलेल्या ॲम्प्लिफायरला पहिल्यांदा वीज द्यावी आणि स्पीकरमधून गाणे ऐकू यावे, यासारखा आनंद नाही. पण पुष्कळदा या आनंदात लगेच मिठाचा खडा पडतो. आवाज येतो, पण घोगरा येतो. गायिकेचा वरचा षड्ज फाटतो, तबला पत्र्याच्या डब्यासारखा वाजतो आणि निवेदकाचे बोलणे निम्मेच कळते. शाळेचे स्नेहसंमेलन दोन दिवसांवर आलेले असले, म्हणजे तर धीरच सुटतो.

मग काय होते? एक मित्र म्हणतो, ट्रान्झिस्टर बदल. दुसरा म्हणतो, धारित्र मोठे घाल. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या बुधवार पेठेत एक फेरी होते. साठवलेल्या पैशांतून नवे भाग येतात. वारंवार सोल्डरिंग केल्याने पाटीवरच्या तांब्याच्या पट्ट्या उखडतात. आणि घोगरेपणा होता तिथेच राहतो.

भाग बदलत सुटणे ही दुरुस्ती नव्हे. चांगला वैद्य औषध देण्यापूर्वी विचारतो, ताप सकाळी चढतो की रात्री? थंडी वाजून येतो का? ॲम्प्लिफायरलाही असेच प्रश्न विचारता येतात. तो घोगरा होतो एवढे कळून भागत नाही. तो केव्हा घोगरा होतो, हे कळले पाहिजे. मोठ्या आवाजात की हळू आवाजात? सुरुवातीपासून की तापल्यावर? या प्रश्नांची उत्तरे नीट मिळाली, तर निम्मे निदान हातात मल्टीमीटर घेण्यापूर्वीच होते. ते कसे, हे या लेखात पाहू.

विकृती म्हणजे नेमके काय?

आत आलेल्या विद्युत लहरीची हुबेहूब, पण मोठी प्रत बाहेर देणे, हे ॲम्प्लिफायरचे काम. एखादे छायाचित्र मोठे केले, तर नाक, डोळे, कान सगळे सारख्याच प्रमाणात मोठे व्हायला हवेत. चेहरा मोठा झाला, पण नाक मात्र चपटे निघाले, तर त्या प्रतीला आपण बिघडलेली म्हणू. लहरीचा आकार असा बिघडला, की त्याला विकृती म्हणतात.

येथे एक भेद लक्षात ठेवा. गाण्यातला खर्ज कमी ऐकू येणे किंवा आवाज बारीक होणे हा वेगळा दोष आहे. तेथे मूळ आवाजातले काहीतरी गळलेले असते. घोगरेपणात मात्र मुळात नसलेले काहीतरी मिसळलेले असते.

हे नवे काहीतरी येते कोठून? फ्रेंच गणिती जोसेफ फूरिए यांनी १८२२ साली प्रसिद्ध केलेल्या उष्णतेवरील ग्रंथात एक विलक्षण कल्पना मांडली होती. पुन्हा पुन्हा येणारी कोणतीही लहर, मग तिचा आकार कसाही असो, ही अनेक साध्या लहरींची बेरीज म्हणून मांडता येते. या साध्या लहरींच्या वारंवारता मूळ वारंवारतेच्या दुप्पट, तिप्पट, चौपट अशा पटींत असतात.

समजा, आपण ४०० हर्ट्झचा शुद्ध स्वर ॲम्प्लिफायरला दिला. त्याच्या लहरीचे माथे आणि तळ दोन्ही सारखेच छाटले गेले, तर १२००, २०००, २८०० हर्ट्झ असे विषम पटींचे स्वर त्यात उत्पन्न होतात. एकाच बाजूची छाटणी झाली, तर ८००, १६०० असे सम पटींचे स्वरही येतात. म्हणून गोड बासरीसुद्धा कर्कश वाटू लागते.

दोन स्वर एकत्र दिले, तर गोंधळ आणखी वाढतो. ४०० आणि ७०० हर्ट्झचे स्वर बिघडलेल्या ॲम्प्लिफायरमधून एकदम गेले, तर त्यांची वजाबाकी ३००, बेरीज ११००, शिवाय १०० आणि १००० हर्ट्झ असे आगंतुक स्वर जन्माला येऊ शकतात. यांतला १०० हर्ट्झचा स्वर कोणीही गायलेला नसतो, कोणीही वाजवलेला नसतो! एकट्या गायकाचा आवाज बरा वाटतो, पण समूहगीत सुरू झाले की सगळा गलबला होतो, याचे कारण हेच.

आपला नमुना

सगळ्या ॲम्प्लिफायरांचे बिघाड एका लेखात सांगता येणार नाहीत. म्हणून विद्यार्थ्यांना जोडता येईल असा, १२ व्होल्टवर चालणारा आणि सुमारे १ वॅट शक्ती देणारा एक साधा नमुना घेऊ. शेजारी वही घेऊन, आकृती काढत काढत पुढचा परिच्छेद वाचा.

पहिला ट्रान्झिस्टर बीसी ५४७. याला आपण चालक म्हणू. त्याचा एमिटर ऋण तारेला जोडलेला आहे. त्याच्या कलेक्टरपासून वर जाताना आधी दोन १ एन ४१४८ डायोड एकामागे एक येतात. त्यांच्यावर २७० ओहमचे दोन रोधक, आणि मग १२ व्होल्टची धन तार. दोन डायोडांच्या वरच्या टोकाला बीडी १३९ या ट्रान्झिस्टरचा बेस आणि खालच्या टोकाला बीडी १४० चा बेस जोडलेला आहे. बीडी १३९ चा कलेक्टर धन तारेला आणि बीडी १४० चा कलेक्टर ऋण तारेला. दोघांचे एमिटर प्रत्येकी १ ओहमच्या रोधकातून एकत्र येतात. ते जेथे मिळतात, त्या जागेला आपण मध्यबिंदू म्हणू. मध्यबिंदूपासून १००० मायक्रोफॅरडच्या धारित्रातून ८ ओहमचा स्पीकर जोडला आहे. मध्यबिंदूपासूनच १०० मायक्रोफॅरडचे आणखी एक धारित्र २७० ओहमच्या दोन रोधकांमधल्या सांध्याला जाते.

आता राहिला चालकाचा बेस. त्यापासून ४.७ किलोओहमचा रोधक ऋण तारेला जातो. १० किलोओहमचा रोधक आणि ४७ किलोओहमचा प्रीसेट हे दोन्ही एकामागे एक जोडून मध्यबिंदूपासून बेसपर्यंत आणले आहेत. गाण्याची लहर १० किलोओहमच्या व्हॉल्यूम कंट्रोलमधून, मग १० मायक्रोफॅरडच्या धारित्रातून आणि १ किलोओहमच्या रोधकातून बेसवर येते. या धारित्राचे धन टोक बेसच्या बाजूला असते.

या जोडणीत लहर सुमारे वीसपट मोठी होते. लहरीचा वरचा अर्धा भाग बीडी १३९ उचलतो आणि खालचा अर्धा भाग बीडी १४०. दोन मजूर पाट्या टाकताना जसे आळीपाळीने हात देतात, तसे हे दोघे काम करतात. घोगरेपणाची बरीचशी कारणे या देवाणघेवाणीत किंवा तिच्या मर्यादेत सापडतात.

आधी सुरक्षितता

वीज घराच्या भिंतीतल्या प्लगमधून थेट घ्यायची नाही. तयार, बंदिस्त असा १२ व्होल्टचा अडॅप्टर किंवा बॅटरी वापरा, आणि अडॅप्टर उघडू नका. जोडणी प्रथमच चालू करताना १२ व्होल्टच्या धन तारेत स्कूटरचा १२ व्होल्ट, ५ वॅटचा बल्ब एकसरीत जोडा. कोठे चुकीची जोडणी असेल, तर बल्ब लखकन पेटेल आणि ट्रान्झिस्टर वाचतील. बल्ब विझलेला राहिला, तर तो काढून टाका व पुढच्या चाचण्या करा. ऐकण्याच्या चाचणीत मात्र बल्ब ठेवू नका, कारण तो स्वतःच वीजपुरवठा कमकुवत करतो.

पहिला प्रश्न: दोष ॲम्प्लिफायरचाच आहे का?

गाणे मोबाइलमधून निघते, तारेतून येते, व्हॉल्यूम कंट्रोल ओलांडते, ॲम्प्लिफायरमधून जाते, धारित्रातून निघते आणि स्पीकरपर्यंत पोचते. ही साखळी आहे. तिची कोणतीही कडी दोषी असू शकते. एका टोकापासून प्रत्येक कडी तपासत बसण्यापेक्षा साखळी मधोमध तोडावी. मधल्या जागी आवाज स्वच्छ असेल, तर दोष पुढच्या अर्ध्यात. घोगरा असेल, तर मागच्या अर्ध्यात. मग त्या अर्ध्याचे पुन्हा दोन भाग करावेत. आठ कड्यांची साखळी असली, तरी अशा तीन चाचण्यांत दोषी कडी सापडते.

प्रत्यक्षात हे सोपे आहे. तोच मोबाइल दुसऱ्या, चांगल्या स्पीकरसंचाला जोडून ऐका. तेथेही घोगरा असेल, तर गाण्याची फीतच, म्हणजे आजच्या भाषेत फाइलच, बिघडलेली आहे. मग ॲम्प्लिफायर तसाच ठेवून फक्त स्पीकर बदला. आवाज सुधारला, तर जुना स्पीकर दोषी. त्याच्या कागदी शंकूवर चार बोटांनी समोरून अगदी हलका, सारखा दाब द्या. आतली गुंडाळी चुंबकाला घासत असेल, तर खरखर ऐकू येते. शंकू फाटलेला किंवा कडेला सुटलेला असेल, तर तो डोळ्यांनाच दिसतो. अर्ध्या वॅटचा लहानसा स्पीकर पूर्ण वॅटवर फडफडला, तर तो त्याचा दोष नव्हे, आपला आहे.

दुसरा प्रश्न: मोठ्या आवाजात फाटतो का?

हळू आवाजात गाणे स्वच्छ आहे आणि आवाज वाढवला की फाटते, असे असेल, तर लहरीला जागा अपुरी पडते आहे. बुटक्या दारातून उंच माणूस जाऊ लागला, तर डोके चौकटीला आपटते. आपल्या जोडणीला १२ व्होल्ट मिळतात. मध्यबिंदू ६ व्होल्टवर आहे. लहरीने वर जायचे तर ६ व्होल्ट आणि खाली यायचे तर ६ व्होल्ट. त्यातले जवळजवळ २ व्होल्ट ट्रान्झिस्टर आणि १ ओहमचे रोधक घेतात. उरतात सुमारे ४.२ व्होल्ट. त्यापेक्षा मोठी लहर निघूच शकत नाही. तिचे माथे सपाट कापले जातात. ४.२ चा वर्ग १७.६. त्याला ८ ओहमच्या दुपटीने, म्हणजे १६ ने भागले की १.१ वॅट मिळतात. आपल्या ॲम्प्लिफायरची ही कमाल शक्ती.

आता उलट हिशेब करा. वीसपट वाढ होऊन ४.२ व्होल्ट व्हायचे, तर आत येणारी लहर ०.२ व्होल्टच्या आसपासच हवी. पुष्कळ मोबाइल पूर्ण आवाजावर यापेक्षा बरेच जास्त व्होल्ट देतात. म्हणून पहिला उपाय फुकटचा आहे: मोबाइलचा किंवा ॲम्प्लिफायरचा आवाज कमी करा. घोगरेपणा गेला, तर काहीच बिघडलेले नव्हते. आपण १ वॅटच्या यंत्राकडून ५ वॅटची अपेक्षा करत होतो.

पण बेताच्या आवाजातही फाटत असेल, तर मल्टीमीटर हाती घ्या. गाणे बंद ठेवा, मीटर २० व्होल्टच्या डीसी पट्ट्यावर लावा आणि काळे टोक ऋण तारेला धरून पुढील जागा मोजा:

धन तार: १२ व्होल्ट.
२७० ओहमच्या दोन रोधकांमधला सांधा: सुमारे ९.३ व्होल्ट.
बीडी १३९ चा बेस: सुमारे ६.७ व्होल्ट.
मध्यबिंदू: ६ व्होल्ट.
चालकाचा कलेक्टर, म्हणजेच बीडी १४० चा बेस: सुमारे ५.३ व्होल्ट.
चालकाचा बेस: सुमारे ०.६५ व्होल्ट.
स्पीकरची दोन टोके: शून्य.

हे आकडे वहीत लिहून पाटीजवळ ठेवावेत. यांतला सर्वांत बोलका आकडा मध्यबिंदूचा. समजा तो ६ ऐवजी ८ व्होल्ट आला. आता लहरीला खाली भरपूर जागा आहे, पण वर जेमतेम ४ व्होल्ट, आणि त्यातून ट्रान्झिस्टरांचा वाटा जायचा आहे. लहरीचा माथा फार लवकर कापला जाईल. आयाम निम्मा झाला, तर शक्ती चौथाई होते, हे ध्यानात घ्या. १ वॅटचा ॲम्प्लिफायर पाव वॅटलाच फाटू लागतो तो असा.

मध्यबिंदू सरकला असेल, तर आधी प्रीसेट फिरवून तो ६ वर येतो का पाहा. येत नसेल, तर बेसजवळचे रोधक तपासा. रंगपट्ट्या वाचताना ४.७ किलोओहमच्या जागी ४७ किलोओहम बसणे अगदी सोपे असते, कारण फरक फक्त तिसऱ्या पट्टीत, तांबड्या आणि नारिंगी रंगात असतो.

रोधक बरोबर असतील, तर संशय आत येणाऱ्या धारित्रावर घ्या. धारित्राने एकदिश प्रवाह अडवायला हवा. ते उलटे जोडलेले किंवा जुने असेल, तर त्यातून थोडी गळती होते. गळती केवळ ५० मायक्रोॲम्पिअर धरा. हा जादा प्रवाह मध्यबिंदूपासून सुमारे २८ किलोओहममधून यावा लागतो, म्हणून मध्यबिंदू १.४ व्होल्टने वर चढतो! हे ओळखण्याची एक खूण आहे. गाणे बंद असताना व्हॉल्यूम कंट्रोल फिरवा. मध्यबिंदूचे व्होल्ट हलले, तर धारित्र गळते आहे. स्पीकरच्या टोकांवर शून्याऐवजी काही व्होल्ट दिसले, तर १००० मायक्रोफॅरडचे धारित्र गळते आहे.

मध्यबिंदू ठीक असूनही मोठ्या आवाजात फाटतो? मग स्पीकर मोजा. ८ ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडले, तर ४ ओहम होतात. ४.२ व्होल्टला आता १ ॲम्पिअरहून थोडा अधिक प्रवाह लागतो. बीडी १३९ प्रवाह शंभरपट वाढवतो असे धरले, तर त्याच्या बेसला १० मिलिॲम्पिअरपेक्षा जास्त हवेत. २७० ओहमचे दोन रोधक तर १० मिलिॲम्पिअरच देतात. म्हणजे मागणी पुरवठ्यापेक्षा जास्त झाली. दोन स्पीकर लावायचेच असतील, तर एकसरीत लावा. आवाज थोडा कमी येईल, पण स्वच्छ येईल.

शेवटी वीजपुरवठा. प्रत्येक ठेक्याबरोबर आवाज दबतो आणि फाटतो, असे होत असेल, तर मोठ्या आवाजात गाणे चालू ठेवून धन तारेचे व्होल्ट पाहा. ठेक्याबरोबर काटा किंवा आकडा खाली लवत असेल, तर बॅटरी थकलेली आहे किंवा अडॅप्टर अपुरा आहे. ९ व्होल्टची छोटी चौकोनी बॅटरी या कामाला मुळीच उपयोगी नाही. रोहित्र आणि डायोड वापरलेल्या जुन्या पद्धतीच्या अडॅप्टरमधून घुमल्यासारखा आवाजही येतो. आपली वीज ५० हर्ट्झची. चार डायोडांच्या जोडणीनंतर तिचे हेलकावे सेकंदाला १०० होतात. दोन हेलकाव्यांमधल्या ०.०१ सेकंदात ०.२ ॲम्पिअर प्रवाह १००० मायक्रोफॅरडच्या धारित्रातून घेतला, तर व्होल्ट सुमारे २ ने पडतात. १२ तले २ गेले म्हणजे काय होईल, हे आता तुम्हीच सांगू शकाल. धन आणि ऋण तारेमध्ये, ॲम्प्लिफायरच्या पाटीवरच २२०० मायक्रोफॅरडचे, २५ व्होल्टचे धारित्र लावले की हा त्रास पुष्कळ कमी होतो.

तिसरा प्रश्न: हळू आवाजातच खरखरतो का?

काही ॲम्प्लिफायरांची तऱ्हा उलटी असते. मोठ्या आवाजात बरे, पण हळू आवाजात खरखरीत. गाणे संपत येते, तानपुऱ्याची आस मंद होत जाते आणि नेमकी तेथे ती चिरकते. जागा अपुरी पडल्याने असे होणार नाही, कारण लहर लहान आहे. हा दोष दोन मजुरांच्या देवाणघेवाणीतला आहे.

सिलिकॉनच्या ट्रान्झिस्टरला जागे होण्यासाठी बेस आणि एमिटर यांमध्ये सुमारे ०.६ व्होल्ट लागतात. लहर शून्याजवळून जात असताना वरचा ट्रान्झिस्टर झोपी गेलेला आणि खालचा अजून जागा न झालेला, अशी वेळ आली, तर तेवढा काळ स्पीकरला कोणीच वाली नसतो. लहरीच्या मध्यावर एक पायरी पडते. वर ०.६ आणि खाली ०.६ असा हा १.२ व्होल्टचा पट्टा आहे. ४ व्होल्टच्या लहरीत तो थोडासा भाग व्यापतो. अर्ध्या व्होल्टची लहर मात्र सगळीच्या सगळी त्यात बुडते. हळू आवाजात खरखर जास्त, याचे कारण हे.

ते दोन डायोड तेथे याचसाठी आहेत. त्यांच्यावर प्रत्येकी सुमारे ०.७ व्होल्ट पडतात आणि दोन्ही ट्रान्झिस्टर सतत किंचित जागे राहतात. ते खरोखर जागे आहेत का, हे मोजता येते. गाणे बंद ठेवून १ ओहमच्या एका रोधकाच्या दोन टोकांवर मीटर लावा. जितके मिलिव्होल्ट दिसतील, तितकेच मिलिॲम्पिअर त्यातून वाहत आहेत. १० ते ५० च्या दरम्यान आकडा आला, तर उत्तम. शून्य आला, तर दोन डायोडांपैकी एखादा निकामी होऊन सरळ तार बनला आहे किंवा सोल्डरचा थेंब सांडून त्याची दोन टोके जोडली गेली आहेत. भिंगातून पाहिल्यास असा थेंब बहुधा सापडतोच.

याच्या विरुद्ध चूक अधिक घातक आहे. डायोड उलटा बसला किंवा त्याचा एक पाय सुटला, तर चालकाकडे जाणारी वाट बंद होते आणि सगळा प्रवाह दोन्ही बेसांमधून जातो. दोन्ही ट्रान्झिस्टर एकदम पूर्ण जागे होतात, क्षणात तापतात आणि जळतात. स्कूटरचा बल्ब आधी लावायला सांगितला, तो यासाठी.

आणखी एक बारकावा. ट्रान्झिस्टर तापला की तो कमी व्होल्टवर जागा होतो, जास्त प्रवाह घेतो आणि त्यामुळे आणखी तापतो. हे चक्र तोडण्यासाठी डायोड ट्रान्झिस्टरच्या अंगाला टेकवून ठेवतात. मग डायोडही तापतात, त्यांच्यावरचे व्होल्ट कमी होतात आणि तोल सांभाळला जातो. सुरुवातीला ठीक असलेला ॲम्प्लिफायर दहा मिनिटांनी बिघडत असेल, तर येथे पाहा. त्याचबरोबर कच्चे सांधेही तपासा. चांगला सांधा चकाकतो आणि तारेभोवती सगळीकडून चिकटलेला असतो. कच्चा सांधा गोळ्यासारखा दिसतो, आणि लाकडी काडीने हलकेच हलवला की स्पीकरमधून कडकड ऐकू येते.

चौथा प्रश्न: गाणे बंद असतानाही तापतो का?

मध्यबिंदू ठीक, डायोड ठीक, तरी आवाज चरचरीत. ट्रान्झिस्टर स्वस्थ असतानाही गरम. हात जवळ नेला की आवाज बदलतो. अशा वेळी ॲम्प्लिफायर स्वतःच्याच मनाने एक स्वर गात असण्याचा संभव आहे, आणि तो स्वर इतका उंच असतो की आपल्याला ऐकू येत नाही. माणसाच्या कानाची मर्यादा सुमारे २०,००० हर्ट्झ. हा स्वर लाखो हर्ट्झचाही असू शकतो. ॲम्प्लिफायरची बरीच शक्ती त्यातच खर्च होते आणि गाण्याला उरते थोडी.

न ऐकू येणारा हा स्वर पकडायचा कसा? मध्यम लहरींचा एखादा रेडिओ जवळ ठेवा आणि त्याचा काटा हळूहळू फिरवा. ॲम्प्लिफायर चालू करताच काही ठिकाणी शिटी किंवा फुसफुस येऊ लागली आणि बंद करताच थांबली, तर चोर सापडला. उपायही अवघड नाहीत. आत येणारी तार आणि स्पीकरची तार एकमेकींपासून दूर ठेवा. आत येणारी तार जाळीदार आवरणाची वापरा. धन आणि ऋण तारेमध्ये पाटीवरच ०.१ मायक्रोफॅरडचे धारित्र लावा. मध्यबिंदूपासून ऋण तारेपर्यंत १० ओहमचा रोधक आणि ०.१ मायक्रोफॅरडचे धारित्र एकसरीत जोडा. चालकाचा बेस आणि कलेक्टर यांमध्ये १०० पिकोफॅरडचे धारित्र टाकले, तर उंच स्वरांची वाढच खुंटते.

चूक स्वतःच दुरुस्त करणारी युक्ती

मध्यबिंदूपासून चालकाच्या बेसकडे जाणारा रोधक तुम्हाला आठवत असेल. तो केवळ व्होल्ट ठरवत नाही. बाहेर निघालेल्या लहरीचा एक छोटा, उलटा अंश तो परत आत पाठवतो. बाहेरच्या लहरीत काही चूक असेल, तर ती उलटी होऊन आत येते आणि स्वतःलाच बरीचशी पुसून टाकते. याला निगेटिव्ह फीडबॅक म्हणतात.

ही युक्ती अमेरिकेतील बेल टेलिफोन प्रयोगशाळेतले अभियंते हॅरोल्ड ब्लॅक यांची. त्या काळी दूरच्या टेलिफोनसाठी वाटेत ठिकठिकाणी ॲम्प्लिफायर ठेवावे लागत. प्रत्येकाची थोडी थोडी विकृती साठत जाऊन शेवटी बोलणे समजेनासे होई. २ ऑगस्ट १९२७ रोजी सकाळी कामावर जाताना, हडसन नदी ओलांडणाऱ्या फेरीबोटीत ब्लॅक यांना उत्तर सुचले. हातात न्यूयॉर्क टाइम्स हे वर्तमानपत्र होते. त्याच्याच पानावर त्यांनी आकृती व समीकरणे लिहून काढली. मुद्दाम वाढ कमी करायची आणि त्या बदल्यात शुद्धता मिळवायची, ही कल्पना तेव्हा इतकी विचित्र वाटली, की पेटंट मिळायला १९३७ साल उजाडले. आज बहुतेक सर्व ॲम्प्लिफायरांत ही युक्ती असते.

मात्र फीडबॅक म्हणजे जादू नव्हे. जेथे जागाच नाही, तेथे तो लहर वर नेऊ शकत नाही. कापले गेलेले माथे त्याला जोडता येत नाहीत. म्हणून मूळ जोडणी निर्दोष करण्याला पर्याय नाही.

मुद्दाम बिघाड करा!

दोष ओळखायला शिकण्याचा उत्तम मार्ग म्हणजे चांगल्या ॲम्प्लिफायरमध्ये मुद्दाम दोष घालणे. शाळेच्या विज्ञान मंडळात हा खेळ जरूर खेळावा. एका गटाने पाटी झाकून एक बिघाड घालावा. दुसऱ्या गटाने फक्त ऐकून आपला अंदाज फळ्यावर लिहावा आणि मगच मीटर हाती घ्यावा. मोबाइलवर ४०० हर्ट्झचा शुद्ध स्वर देणारे ॲप घेतले, तर फरक अधिक स्पष्ट कळतो. प्रयोगशाळेत ऑसिलोस्कोप असेल, तर लहरीचा आकारही पडद्यावर दिसेल. प्रत्येक बदल वीज बंद करूनच करायचा.

निर्धोक बिघाड असे: दोन्ही डायोडांची टोके तारेने जोडणे. प्रीसेट फिरवून मध्यबिंदू ८ व्होल्टवर नेणे. ८ ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडून थोडा वेळच वाजवणे. धन तारेत २२ ओहमचा, २ वॅटचा रोधक घालून बॅटरी थकल्याचा आभास निर्माण करणे. मोबाइलचा आवाज पूर्ण वाढवणे. डायोड उलटा बसवण्याचा किंवा काढून टाकण्याचा बिघाड मात्र कोणीही, गमतीतही, करू नये.

खेळताना तीन नियम पाळा. एका वेळी एकच बदल करा. केलेला बदल आणि झालेला परिणाम लगेच लिहा. बदलाने फरक पडला नाही, तर जोडणी पूर्ववत करून मगच पुढे जा. एकदम तीन भाग बदलले आणि आवाज सुधारला, तर ॲम्प्लिफायर दुरुस्त होतो खरा, पण दोष कशात होता हे कधीच कळत नाही. पुढच्या वेळी पुन्हा तिन्ही भाग विकत आणावे लागतात.

पाच-सहा बिघाड असे ऐकले, की कान तयार होतात. मग कोणी घोगरा ॲम्प्लिफायर घेऊन आला, तर तुम्ही सोल्डरिंगची कावीय तापत ठेवण्याची घाई करणार नाही. आधी विचाराल, "मोठ्या आवाजात फाटतो, की हळू आवाजात?"